दाराआडची वाटी

मी एक जुनी मांजर आहे. म्हातारी म्हणायला हवं, हे मला कळतं. पण म्हातारं होतं ते माणूस. त्याला काठी मिळते, खुर्ची मिळते, कोणीतरी ‘सांभाळून हं’ म्हणतं. माझ्यासारखीनं नुसतं जुनं व्हायचं असतं. उजवा कान पूर्ण आहे, डावा अर्धाच. उडी मारायची म्हटली तर आधी वर बघते, मग खाली बघते आणि मग आहे तिथंच बसते.

मित्रांनो, तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. शाळेच्या खिडकीत माझं आयुष्य गेलंय. तुमच्यातले मित्र कोण आणि नुसते सोबत हसणारे कोण, ते मला चांगलं ठाऊक आहे. राग आला तर येऊ द्या. माझं काय वाकडं होणार आहे आता?

माझा जन्म एका पावाच्या भट्टीमागं, रिकाम्या पोत्यांच्या ढिगात झाला. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत म्हणतात, ते अगदी खरं. आई आम्हाला मानगुटीला धरून इकडून तिकडं न्यायची, पण कधी ओरखडा उठला नाही. एक दिवस ती भावंडांना घेऊन गेली आणि मला न्यायला परत आलीच नाही. का आली नाही, ते मला कळलं नाही. मग गल्लीतल्या पोरांनी मला शोधून काढलं आणि माझ्या शेपटीला सुतळीनं पत्र्याचा डबा बांधला.

मी धावले की डबा धावायचा, मी थांबले की तोही थांबायचा. मला वाटलं, हा डबाच माझा वैरी आहे. पोरं पोट धरून हसत होती. आता गंमत ऐका. त्यांतल्याच एका पोरानं आदल्या दिवशी मला पाव दिला होता. एकेकटं असताना माणसाचं पोर सहसा बरं असतं. चौघं जमली की त्यांतला एक डबा शोधून आणतो आणि उरलेले तिघं सुतळी धरतात.

तेवढ्यात बाई आल्या. एका खांद्याला वह्यांची पिशवी, हातात छत्री. त्यांनी छत्री जमिनीवर अशी आपटली की पोरं पळाली. मग बाई चिखलात बसल्या आणि चक्क दातांनी सुतळी तोडली. शाळेतली शिक्षिका, चांगली इस्त्रीची साडी नेसलेली! मी त्यांच्या हाताला चावले, तर म्हणाल्या, ‘चाव, चाव. तुझ्या जागी मी असते तर मीही चावले असते.’ हे वाक्य मी कधी विसरले नाही. बाई मात्र पुढं विसरल्या.

बाईंचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांत बाई आणि त्यांची आई. आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे करड्या रंगाचा बोका, वजनानं उशीएवढा. मला पाहताच त्यानं पाठीची कमान केली आणि असा फिस्कारला की माझी दातखीळच बसली. ‘कानामागून आली नि तिखट झाली’, असं मनात म्हणाला असेल. बाईंची आई म्हणाली, ‘अगं, हे घर आहे की कोंडवाडा? तो हिला एका घासात संपवेल.’

बाईंनी मला स्वयंपाकघरात ठेवलं, भाऊसाहेबाला बाहेरच्या खोलीत, आणि मधलं दार लावून घेतलं. दाराखाली बोटभर फट होती. दाराच्या अलीकडं माझी वाटी आणि पलीकडं त्याची, पण दोन्ही लांब, भिंतींपाशी. आम्ही एकाच वेळी जेवायचो, एकमेकांचा वास घेत. बाई रोज वाट्या जराशा दाराकडं सरकवायच्या. माझं फडकं त्याच्या वाटीखाली टाकायच्या, त्याचं माझ्या. तो गुरगुरला की वाट्या पुन्हा मागं. चिडणं नाही, घाई नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ज्या दिवशी मी कोपऱ्यातून हललेच नाही, त्या दिवशी दार उघडायचा विषयच निघाला नाही. भाऊसाहेबानं त्या दारावर नखं मारून मारून लाकूड सोलून काढलं. तरी बाई म्हणायच्या, ‘हिची तयारी होऊ दे.’

हिवाळा सरेपर्यंत हे चाललं. मग एकदा दार किलकिलं झालं, मग उघडलं, आणि पुढं आम्ही एका चादरीवर झोपू लागलो. भाऊसाहेब तसा वाईट नव्हता. आढ्यताखोर होता, एवढंच.

बाईंना त्याचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. दूधवाला असो, शेजारीण असो, कोणीही भेटलं की वाट्यांची गोष्ट सुरू. मित्रांनो, गोष्ट वापरून वापरून झिजते. पहिल्यांदा सांगायच्या तेव्हा तिच्यात दार होतं, फट होती, फडकी होती, मी कोपऱ्यात बसून काढलेले दिवस होते. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो म्हणून बाई एकेक गाळत गेल्या. शेवटी उरल्या दोन वाट्या आणि एक चादर. ‘एकत्र जेवायला बसवलं आणि वैर संपलं’, एवढीच गोष्ट राहिली. पुढं पुढं त्यांना स्वतःलाही तेवढीच आठवू लागली.

त्यावरून बाईंनी वर्गात एक रीत पाडली. जी दोन मुलं भांडतील, त्यांनी एका बाकावर बसायचं आणि एका डब्यात जेवायचं. ‘एक बाक, एक डबा.’ पेन्सिलवरून भांडलेली पोरं तिसऱ्या दिवशी गळ्यात गळे घालून फिरायची. हेडमास्तर खूश, पालक खूश. मला टोपलीत घालून वर्गात नेत, टेबलावर बसवत. मुलं माझ्या पाठीवरून हात फिरवत. वर्षातून एकदा पाहुणे यायचे, तेव्हा बाई सहिष्णुतेवर बोलायच्या आणि मी शेजारी बसून पंजे चाटायची. माझ्या कौतुकाचे दिवस होते ते. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं.

शिक्षकांच्या खोलीत मात्र बाईंचं वेगळंच कौतुक होई. चित्रकलेचे सर त्यांना पाहिलं की ‘म्याँव’ करायचे. कोणीतरी त्यांच्या खणात माशाचे काटे ठेवले. ‘मांजरबाई, नवरा नाही मिळाला म्हणून बोका पाळलात का?’ असंही एकदा कोणी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले. बाईसुद्धा हसल्या. घरी येऊन मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, ‘चिंगे, आपण मनावर घेतलं नाही की ते थकतात.’ चिंगी हे माझं नाव. मित्रांनो, मी खिडकीतून अनेक वर्षं बघत होते. ते काही थकले नाहीत.

मग वेणीवाली आली. तिच्या आईची नोकरी बदलली म्हणून वर्षाच्या मध्येच आली. त्या गडबडीत तिचं एक वर्ष वाया गेलेलं, त्यामुळं वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आणि अंगानं भरलेली. दोन जाड वेण्या, त्यांना हिरवे रबर. वर्गाची मॉनिटर म्हणजे दुसरी एक मुलगी, बाईंचा उजवा हात. अक्षर मोत्यासारखं, फळा पुसावा तिनंच, वह्या गोळा कराव्यात तिनंच. वेणीवाली पहिल्या दिवशी आत आली तशी मॉनिटर जागेवरून उठली आणि गोड आवाजात म्हणाली, ‘बसा ना, काकू!’

वर्ग हसला. वेणीवालीही हसली. तिथंच तिचं चुकलं, असं शहाणे लोक म्हणतात. का हो? नवं पोर पहिल्या दिवशी हसणार नाही तर काय करणार?

झालं, तिचं नावच काकू पडलं. ती आत आली की पोरी उठून उभ्या राहायच्या. ‘काकू, गुडघे दुखतात का?’ ‘काकू, नातवंडं काय म्हणतात?’ पुढं तिच्या चपला पाण्याच्या टाकीत सापडू लागल्या. दंडावर, बाहीच्या आत, चिमट्यांचे डाग दिसू लागले. कोणी मोठं माणूस जवळ आलं की मॉनिटर म्हणायची, ‘गंमत चाललीय. आमच्या काकू फार मजेशीर आहेत.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

मधल्या सुट्टीत वेणीवाली मागच्या आवारात भिंतीपाशी येऊन बसायची, कारण तिच्याजवळ कोणी जेवत नसे. भिंतीवर मी असायचीच. तिच्या डब्यात उकडलेलं अंडं असलं तर पिवळं मला आणि पांढरं तिला, असा आमचा करार होता. जेवता जेवता ती माझ्याशी बोलायची. ‘चिंगे, उद्या मी तिला सांगणार आहे. म्हणणार आहे, माझ्या नावानं हाक मार.’ मग तेच वाक्य पुन्हा, जरा जोरात. पुन्हा, डोळे वटारून. तालीम उत्तम व्हायची. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र तिच्या तोंडून अवाक्षर निघत नसे.

तरी ती एके दिवशी संध्याकाळी बाईंच्या घरी आली. केवढी हिंमत लागली असेल! बाई वह्या तपासत होत्या. बाईंच्या आईनं तिला पाणी दिलं. पोरगी गप्प आहे हे पाहून मधल्या दारावरचे ओरखडे दाखवले आणि गोष्ट सांगितली. पूर्ण गोष्ट, दारासकट. म्हातारी गोष्ट झिजू देणाऱ्यांतली नव्हती. वेणीवालीनं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. बाही वर करून दंडही दाखवला.

बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दुष्ट असत्या तर मला त्यांच्यावर नुसतं चिडता आलं असतं. पण बाई भल्या होत्या, आणि त्याचंच दुःख आहे.

‘बाई, मला वेगळं बसवाल का?’ वेणीवाली म्हणाली. ‘कुठंही चालेल. अगदी दाराजवळसुद्धा.’

‘वेगळं बसून कधी मैत्री होते का, वेडे?’

‘मला मैत्री नकोय, बाई.’

‘असं बोलू नये. तिला तू अजून नीट माहीतच नाहीस. ओळख झाली की सगळं ठीक होईल. मी तुम्हा दोघींना एका बाकावर बसवते. थोडं सहन करायचं, हं? मलासुद्धा लोक किती बोलतात. मी घेते का मनावर?’

‘नको ना, बाई. प्लीज.’

‘माझ्यावर विश्वास ठेव,’ बाई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी माझ्या डोक्यावरून फिरवत तसाच.

मित्रांनो, आता एक गोष्ट मी सांगते, ती मांजरालाच नीट ठाऊक असते. मी आणि भाऊसाहेब भांडायचो. दोघांनाही नखं होती, दोघांनाही भीती होती. पण मी उंदीर पकडते, त्याला सोडते, पुन्हा पकडते, तेव्हा माझं आणि उंदराचं भांडण चाललेलं नसतं. त्या वेळी कोणी आम्हा दोघांना एका खोलीत कोंडून ‘आता मैत्री करा’ म्हणालं, तर मी त्याचे आभारच मानेन. बाईंनी दोन मांजरांचा उपाय मांजर आणि उंदरावर केला. आणि वर त्यांना वाटलं, आपण फार छान केलं.

‘एक बाक, एक डबा’ सुरू झाला. बाक खिडकीजवळचाच होता. वरून पाहिलं तर दोन मुली हाताची घडी घालून शेजारी शेजारी बसलेल्या, एक उंच, एक बेताची. बाकाखाली काय चाललंय ते मला दिसायचं. मॉनिटरचा बूट वेणीवालीच्या पावलावर. कंपासचं टोक मांडीशी. सुट्टीत डबा उघडायचा तो मॉनिटरनं, कारण डबा एकच! ‘काकूंना पथ्य आहे,’ म्हणून चांगलं चांगलं ती खायची आणि उरलेल्यात पाणी ओतायची. बाई दारातून डोकावल्या की दोघींचे हात एकाच डब्यात दिसायचे. बाई समाधानानं शिक्षकांच्या खोलीत जायच्या आणि म्हणायच्या, ‘बघा, बरोबर जेवताहेत!’ चित्रकलेचे सर ‘म्याँव’ म्हणायचे.

मी काचेवर पंजा आपटला. ओरडले. ‘चिंगे, वर्ग चालू आहे,’ बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

वेणीवालीला आता सुट्टीचा शेवटचा तुकडाच मिळायचा. तेवढ्या वेळात ती धावत भिंतीपाशी यायची. डब्यात माझ्यासाठी काही उरलेलं नसे. नुसती मला मांडीवर घेऊन बसायची. तिची एवढीशी चैन मॉनिटरच्या नजरेतून सुटली नाही. एका दुपारी ती तिघी मैत्रिणींना घेऊन मागच्या आवारात आली.

‘काकू, तुमची लाडकी ना ही? मग तिला एक दागिना घाला की.’ असं म्हणून तिनं वेणीवालीच्या वेणीचा हिरवा रबर ओढून काढला. ‘हा घ्या. कानात घाला. घट्ट.’

‘नाही,’ वेणीवाली म्हणाली.

‘काय?’

‘मी नाही घालणार. आणि तिला हात लावायचा नाही.’

स्वतःसाठी एवढी तालीम करून तिला जे कधी म्हणता आलं नव्हतं, ते माझ्यासाठी ती एका दमात म्हणाली. पण चौघींपुढं एकटीचं काय चालणार? दोघींनी तिचे हात मागं धरले, तिसरीनं माझ्यावर स्वेटर टाकला, आणि मॉनिटरनं माझ्या डाव्या कानाला तो रबर वेढे देऊन देऊन बसवला. मी नखं मारली. तिच्या मनगटावर तीन लांब रेघा उमटल्या. मग सुटले आणि पळाले. लहानपणीचा डबा आठवला. डबा निदान आवाज तरी करायचा हो, लोकांना कळायचं. रबर गुपचूप आपलं काम करतो.

दुखलं की मांजर लपतं, ते तुम्हाला माहीत असेल. मी टाकीखाली अंधारात पडून राहिले. बाई वाटी वाजवत, हाका मारत, गल्ल्या धुंडाळत होत्या. सापडले तोवर कान काळा पडला होता. रबर केसांत रुतलेला. जनावरांच्या डॉक्टरनं अर्धा कान कापला. बाई टेबलाशी उभ्या राहून रडत होत्या. दुःखानं नव्हे, संतापानं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळा डोक्यावर घेतली. हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. ज्या बाई माशाच्या काट्यांवर हसल्या होत्या, त्या! मला टोपलीत घालून वर्गात आणलं, टेबलावर ठेवलं आणि तळहातावरचा हिरवा रबर सगळ्यांना दाखवला. ‘हा कोणाचा?’

सगळी मुलं वेणीवालीकडं बघू लागली. तिच्या एका वेणीला रबर होता, दुसरीला साधा दोरा.

मॉनिटर उठली. बाही मनगटापर्यंत खाली ओढलेली, बटण लावलेलं. ‘बाई, सांगणार नव्हते. पण मी तिला किती नको म्हणत होते.’ चोराच्या उलट्या बोंबा, त्याही मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्यासारख्या.

‘खरं आहे हे?’ बाईंनी वेणीवालीला विचारलं.

‘मी नाही घातला, बाई.’

‘मग कोणी घातला? सांग!’

मी टोपलीतून बघत होते. बाकाखाली मॉनिटरचा बूट वेणीवालीच्या पावलावर चढला आणि दाबत गेला. मित्रांनो, जिची भीती वाटते तिच्या मांडीला मांडी लावून बसवायचं आणि वर विचारायचं, ‘सांग!’ कशी सांगणार? वेणीवालीनं मान खाली घातली.

‘मुक्या जनावरावर राग काढलास?’ बाईंचा आवाज चढला. एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ‘सगळं सहन करीन, पण हे नाही! हे मी सहन करणार नाही!’

ऐकलंत? त्या पोरीच्या दंडावरचे डाग पाहून ‘थोडं सहन कर’. माझ्या कानावर एक रबर, आणि ‘सहन करणार नाही’. मी मांजर आहे, बाईंची लाडकी आहे, तरी त्या क्षणी मला माझ्या लाडाची लाज वाटली.

मी टोपलीतून उतरले. डोक्याला पट्टी, चाल तिरपी. त्या बाकापाशी गेले. मॉनिटरकडं पाहून जीव खाऊन फिस्कारले. मग वेणीवालीच्या मांडीवर चढून बसले. यापेक्षा स्पष्ट मला बोलता येत नाही. कोर्ट भरवा, साक्षीदार आणा, मी एवढंच सांगू शकते.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, कळलं! इतकी वर्षं माझ्यासोबत राहिलेली बाई, हिला नाही कळणार तर कोणाला कळेल?

‘बघा, मुलांनो,’ बाई म्हणाल्या. ‘जिनं दुखावलं, तिच्याच मांडीवर जाऊन बसली. याला म्हणतात क्षमा. याला म्हणतात सहिष्णुता. या मुक्या जिवाकडून शिका.’

टाळ्या वाजल्या. पहिली टाळी मॉनिटरची होती. वेणीवालीचे हात माझ्या पाठीवर गार पडत गेले, ते मला कळत होतं. त्या दिवसानंतर ती वर्गात आली नाही.

मित्रांनो, मांजर क्षमा करत नाही. हे माझ्याकडून लिहून घ्या. ज्यानं दुखावलं, त्याच्यापासून ते लांब राहतं, जन्मभर. दुधानं तोंड पोळलं तर माणूस ताकही फुंकून पितो, आणि मांजर त्या घराकडंच फिरकत नाही.

थोड्या दिवसांनी वेणीवाली तिच्या आईबरोबर शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. आई शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. बाई त्यांना व्हरांड्यात भेटल्या. मी पायांशी होतेच.

‘अहो, शाळा कशाला सोडवता? झालं गेलं विसरू या,’ बाई म्हणाल्या. ‘मी तिला माफ केलंय.’

तिची आई म्हणाली, ‘माझ्या पोरीनं आजवर मुंगीला दुखावलं नाही. पण तुम्हाला सांगून काय उपयोग? तिनं सांगून झालंय एकदा.’

वेणीवाली खाली बसली. माझ्या उरलेल्या कानामागं खाजवलं. मग उभी राहिली. वेण्या कापल्या होत्या तिनं.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘चिंगीच्या वेळी तुम्ही मधलं दार लावलं होतं. मग माझ्या वेळी का नाही लावलं?’

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. आई म्हणाली, ‘चल गं.’ त्या गेल्या.

बाई खाली वाकल्या. माझ्याकडं पाहिलं, माझ्या कानाकडं पाहिलं. मग तडक वर्गात गेल्या, त्या बाकापाशी. मॉनिटरला म्हणाल्या, ‘बाही वर कर.’ मनगटावरच्या तीन रेघा अजून गेल्या नव्हत्या. मांजराच्या नखाची रेघ बाईंना ओळखू येणार नाही तर कोणाला?

आता तुम्ही म्हणाल, मग मॉनिटरला शिक्षा झाली असेल. तिचे वडील आले. हेडमास्तर म्हणाले, ‘पोरवय आहे, बाई. गेलेली मुलगी काही परत येणार नाही. आता कशाला वाढवता? थोडं सहन करा.’ वर्षाअखेरीस आदर्श विद्यार्थिनीची ढाल मॉनिटरलाच मिळाली. बाईंनी ती द्यायला नकार दिला, म्हणून चित्रकलेच्या सरांनी दिली.

बाई वेणीवालीच्या घरी गेल्या. दार उघडलं नाही. फटीतून आई म्हणाली, ‘ती नाही म्हणतेय.’ बाई तशाच परतल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. कोपऱ्यातलं जे हलत नाही, त्याच्यासाठी दार उघडायचं नसतं, एवढं त्यांना आता आठवलं होतं. संध्याकाळी मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, ‘चिंगे, जन्मभर सहन केलं आणि त्यालाच चांगुलपणा म्हणत आले. माझ्यापुरतं ठेवलं असतं तरी ठीक होतं गं. दुसऱ्याच्या पोरीच्या पानातही तेच वाढलं.’ बाईंची आई आतून म्हणाली, ‘तुला सहन करायला मीच शिकवलं.’

त्यानंतर बाईंनी वाट्यांची गोष्ट कधी सांगितली नाही. पाहुण्यांसमोर भाषण केलं नाही, मला टोपलीत घालून मिरवलं नाही. वर्गाच्या दाराजवळ मात्र एक रिकामा बाक आणून ठेवला. ‘मला वेगळं बसवा’ असं जो म्हणेल, त्यानं तिथं बसायचं. त्या दिवशी कारण विचारायचं नाही. चित्रकलेच्या सरांनी ‘म्याँव’ केलं, तेव्हा बाई पहिल्यांदा म्हणाल्या, ‘पुरे.’ सर गप्प बसले. एवढंच करायचं होतं म्हणे!

भाऊसाहेब गेला. बाईंची आई गेली. बाई यंदा निवृत्त होतील, मग तो बाक कोणीतरी अडगळ म्हणून उचलून नेईल. तोवर मी त्याच्याखाली झोपते. कधी बाक रिकामा असतो, कधी त्यावर कोणी येऊन बसतं. बसलं की मी बाकाखालून बाहेर येते आणि मांडीवर जागा मागते. उडी जमत नाही, मग ते पोरच मला उचलून घेतं.

मित्रांनो, मला कुरवाळा, दूध द्या, असं काही मी मागणार नाही. माझं कौतुक तुम्ही पुष्कळ केलंत, आणि चिमटे काढणाऱ्या त्याच हातांनी केलंत. तुमच्या वर्गात कोणी ‘नको’ म्हणालं, तर ते पहिल्याच वेळी ऐका. आधी दार लावा. वाट्या सरकवायला जन्म पडलाय. आणि ज्या पोरीला तुम्ही काहीतरी भलतंच नाव ठेवलंय, तिला उद्या तिच्या नावानं एक हाक मारून बघा. माझी वेणीवाली त्या एका हाकेसाठी भिंतीपाशी बसून रोज तालीम करत होती, आणि ती ऐकायला मांजराशिवाय कोणी नव्हतं.